उघडीप मिळाली की ‘बरा’ होणारा कॉम्प्रेसर

गोव्यातल्या एका कारखान्यातलं हे प्रकरण. कारखान्याची आणि माणसांची ओळख पटेल असं सगळं काढून टाकलं आहे. आकडे गोल केले आहेत, पण त्यांची आपसातली प्रमाणं तशीच ठेवली आहेत. बाहेरचा सल्लागार म्हणून मला यात बोलावलं होतं, तेव्हा पावसाळा ऐन भरात होता आणि निर्णय जवळपास झालेला होता.

पार्श्वभूमी

कारखाना मुरगाव-सासष्टी पट्ट्यातल्या एका पठारावर आहे. समुद्र सरळ रेषेत काही किलोमीटरवर. वीज आणि वाफ दोन्ही लागत असल्याने तिथे साधारण ५ मेगावॉट क्षमतेची एक गॅस टर्बाइन आहे. दाभोळ-बेंगळुरू वाहिनीच्या फाट्यावरून नैसर्गिक वायू येतो, टर्बाइन जनरेटर फिरवते आणि तिच्या गरम एक्झॉस्टवर वेस्ट हीट बॉयलर वाफ काढतो. मशीन वीज खात्याच्या ग्रिडशी समांतर चालतं. पावसाळ्यात झाडं तारांवर पडून ग्रिड किती वेळा जातं हे गोव्यात राहणाऱ्याला सांगायला नको. त्यामुळे जून ते सप्टेंबर हे मशीन बंद ठेवायला कुणीच राजी नसतं.

५ मेगावॉट ही क्षमता आयएसओ स्थितीतली, म्हणजे १५ अंश सेल्सिअस, ६० टक्के सापेक्ष आर्द्रता आणि १०१.३ किलोपास्कल दाब. गोव्यात १५ अंश कुठून येणार? हवा तापली की विरळ होते, टर्बाइनच्या पुढच्या भागात हवा दाबणाऱ्या कॉम्प्रेसरमध्ये जाणारं तिचं वस्तुमान घटतं आणि त्याबरोबर वीजही घटते. या वर्गाच्या मशीनला एका अंशामागे पाऊण ते एक टक्क्याच्या आसपास फटका बसतो. २८ अंशांना हे मशीन चांगल्या तब्येतीत ४.५ मेगावॉट देतं.

हा ‘चांगल्या तब्येतीत’चा आकडा कुठून आणायचा, याच गरजेतून मशीनचं संगणकीय मॉडेल जन्मलं. कारखान्यातल्या एका तरुण अभियंता बाईंनी ते पायथनमध्ये लिहिलं होतं, आणि स्वच्छ लिहिलं होतं. उत्पादक कंपन्या कॉम्प्रेसरचा मॅप, म्हणजे कुठल्या वेगाला किती हवा, किती दाब आणि किती कार्यक्षमता मिळते याचा नकाशा, ग्राहकाला देत नाहीत. म्हणून त्यांनी खुल्या साहित्यातला तशाच धाटणीचा एक मॅप घेऊन आपल्या मशीनच्या डिझाइन बिंदूवर ताणून बसवला. या क्षेत्रात सगळेच तसं करतात.

मॉडेल काय करतं ते थोडक्यात सांगतो, कारण पुढचा सगळा घोळ समजायला ते लागेल. जनरेटर ५० हर्ट्झच्या ग्रिडला बांधलेला असल्याने शाफ्टचा वेग ठरलेला. उरतात दोन अंदाज: कॉम्प्रेसर आपल्या मॅपवर नेमका कुठे चालला आहे, आणि इंधन किती जात आहे. अंदाज बरोबर की चूक हे दोन अटी सांगतात. एक, कॉम्प्रेसरने दिलेली हवा आणि तिच्यात मिसळलेलं इंधन मिळून जेवढा वायू होतो तेवढाच टर्बाइनच्या पहिल्या नोझलमधून निघायला हवा. दोन, एक्झॉस्टचं तापमान कंट्रोलने धरून ठेवलेल्या आकड्याशी जुळायला हवं. न्यूटन-रॅफसन पद्धतीने अंदाज सुधारत गेलं की काही फेऱ्यांत दोन्ही अटी पुऱ्या होतात. मग त्या हवेला, त्या लोडला वीज किती, सीडीपी म्हणजे कॉम्प्रेसरमधून बाहेर पडणाऱ्या हवेचा दाब किती, तिथलं तापमान किती, इंधन किती, हे सगळं बाहेर पडतं.

जानेवारीत ऑफलाइन, म्हणजे मशीन थांबवून केलेल्या, धुलाईनंतर मशीन स्वच्छ असताना मॉडेल जुळवून घेतलं गेलं. त्यासाठी सहा गुणक, म्हणजे जुळवणीसाठी हलवता येणारे आकडे, ठेवले होते: कॉम्प्रेसरचा प्रवाह आणि कार्यक्षमता, टर्बाइनची वहनक्षमता आणि कार्यक्षमता, ज्वलनाची कार्यक्षमता आणि एक्झॉस्टमधली दाबहानी. सगळे गुणक मिळून एक ‘हेल्थ इंडेक्स’ तयार व्हायचा आणि तो कंट्रोल रूमच्या पडद्यावर हिरव्या-पिवळ्या-लाल रंगात दिसायचा.

अडचण

मार्चअखेरपर्यंत इंडेक्स हिरवा होता. मे महिन्यात थोडा उतरला. लाल धुळीचे आणि जोराच्या खाऱ्या वाऱ्याचे दिवस, त्यामुळे कुणाला नवल वाटलं नाही. जूनमध्ये पाऊस लागला आणि काही दिवसांत तो पिवळा, मग लाल झाला. जुलैच्या मध्याला मॉडेल सांगत होतं की या हवेला मिळायला हवी त्यापेक्षा वीज साडेचार टक्क्यांनी कमी मिळते आहे. म्हणजे २०० किलोवॉटच्या आसपास.

गुणकांकडे पाहिलं तर कॉम्प्रेसरचा प्रवाह घटलेला आणि कार्यक्षमता घटलेली. पात्यांवर मळ बसला, म्हणजे फाउलिंग झालं, की पुस्तकात नेमकं हेच चित्र असतं. त्यात टर्बाइनची कार्यक्षमताही थोडी उतरलेली दिसत होती, आणि खरी धास्ती तिचीच होती.

धास्तीमागे तर्क होता, तो उगाच नव्हता. समुद्राच्या हवेतलं मीठ कोरडं असलं की कण म्हणून फिल्टरमध्ये अडकतं. सापेक्ष आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून विरघळतं, आणि साध्या फिल्टरच्या कागदातून झिरपत पलीकडे जातं. पलीकडे गेलेल्या थेंबांपाठोपाठ सोडियम थेट इंजिनात. तिथे गंधकाशी त्याची गाठ पडली की सोडियम सल्फेटचा थर पात्यांवर बसतो आणि हॉट करोजन, म्हणजे तापलेला धातू खाल्ला जाणं, सुरू होतं. त्याचा एक प्रकार ६५० ते ७५० अंशांना, दुसरा ८५० ते ९५० अंशांना जोर धरतो. गोव्यात जुलै महिन्यात आर्द्रता ७५ टक्क्यांखाली उतरणं ही बातमी ठरेल. म्हणजे परिस्थिती सगळी गुन्ह्याला पोषक.

सेवा पुरवणाऱ्या कंपनीच्या प्रतिनिधीने आलेख पाहिले आणि सल्ला दिला: मशीन लगेच बंद करा, बोअरस्कोपने, म्हणजे आत सरकवायच्या बारीक कॅमेऱ्याने, टर्बाइनची पाती बघा, ऑफलाइन धुलाई करा, आणि फिल्टर वरच्या दर्जाचे घ्या. फिल्टरचं कोटेशनही सोबतच होतं.

समोरचे पर्याय

बैठकीत चार गोष्टी टेबलावर होत्या. प्रत्येकीच्या मागे कुणी ना कुणी उभं होतं.

पहिला पर्याय वर सांगितलेलाच, ताबडतोब शटडाउन. ऑफलाइन धुलाईसाठी मशीन आधी थंड होऊ द्यावं लागतं, मग स्टार्टरवर संथ फिरवत डिटर्जंट सोडायचं, भिजू द्यायचं, डीएम, म्हणजे क्षार काढलेल्या, पाण्याने खंगाळायचं. बोअरस्कोप धरून दोन दिवस तरी जाणारच. तेवढा काळ वाफेसाठी तेलावरचा जुना बॉयलर चालवायचा आणि वीज पूर्णपणे ग्रिडवरून घ्यायची, तीही जुलैमध्ये. उत्पादन विभागाने हात वर केले.

दुसरा पर्याय चवथीपर्यंत, म्हणजे गणेश चतुर्थीपर्यंत, थांबण्याचा. चवथीला अर्ध्याहून अधिक माणसं गावी जातात, उत्पादन तसंही कमी असतं, आणि वर्षातला एक छोटा शटडाउन तेव्हाच ठरलेला असतो. तोवर फक्त ऑनलाइन धुलाई, म्हणजे चालत्या मशीनच्या तोंडात डीएम पाण्याचा बारीक फवारा. त्याने पुढच्या काही ओळींची पातीच काय ती धुतली जातात, पण काहीच न करण्यापेक्षा बरं.

तिसरा, फक्त फिल्टर बदलायचे. खरेदी विभागाला हा सोपा वाटत होता, कारण मशीन बंद न करता टप्प्याटप्प्याने होण्यासारखा होता.

चौथा पर्याय मी मांडला: आधी मॉडेल आणि मोजमापं तपासू, आठवडाभर द्या. देखभाल प्रमुखांनी मला सरळ विचारलं, “आणि आठवडाभरात पाती खाल्ली गेली तर?” प्रश्न रास्त होता. माझं उत्तर असं की हॉट करोजन हजारो तासांत वाढणारं दुखणं आहे. खरंच लागलं असेल तर एका आठवड्याने निकाल फारसा पालटत नाही. पण लागलेलं नसेल, तर ऐन पावसात दोन दिवस बंद ठेवल्याचा आणि फिल्टरांचा खर्च परत येणार नाही. ते पूर्ण पटले असं नाही, पण रोज ऑनलाइन धुलाई करायच्या अटीवर त्यांनी आठवडा दिला.

माझ्या आग्रहामागे एक गोष्ट होती, आणि ती माझी नव्हती, रात्रपाळीच्या ऑपरेटरची होती. सत्तरी तालुक्यातले, बरीच वर्षं याच मशीनवर, सगळे त्यांना काका म्हणतात. आदल्या संध्याकाळी कंट्रोल रूममध्ये ते त्या अभियंता बाईंना म्हणाले होते, “बाय, पावसानं उघडीप दिली की तुझा आकडा वर चढतो गो. तव्याला करपलेलं उन्हात ठेवून सुटतं होय?”

आम्ही मागचे आलेख काढून पाहिले. काकांचं म्हणणं खरं होतं. पावसाचा जोर असलेल्या तासांत इंडेक्स खाली, आणि मध्ये चार-सहा तास कोरडे गेले की तो थोडा वर. फाउलिंग दिवसागणिक साचत जातं आणि धुतल्याशिवाय परत फिरत नाही. जे आपोआप वर-खाली होतं ते पात्यांवरचं नसून हवेतलं किंवा मोजमापातलं असणार.

काय तपासलं

सुरुवात सहा गुणकांपासून केली. मशीनवर मोजली जाणारी उपयुक्त राशी पाच: वीज, सीडीपी, कॉम्प्रेसरनंतरचं तापमान, इंधनाचा प्रवाह आणि एक्झॉस्टचं तापमान. त्यातलं शेवटचं कंट्रोल स्वतः धरून ठेवतं, आणि मॉडेल ते अट म्हणून आधीच वापरून टाकतं. म्हणजे खरी माहिती चारच समीकरणांची, आणि अज्ञातं सहा. अशा गणिताला असंख्य उत्तरं असतात. संगणक त्यातलं एक निवडतो आणि मोजमापाशी अगदी तंतोतंत जुळवून दाखवतो. जुळणी दशांश टक्क्याच्या आत आहे हे बैठकीत मॉडेलच्या बाजूने सांगितलं गेलं होतं. मला विचाराल तर एवढी चांगली जुळणी पाहून सावध व्हायला हवं होतं. खऱ्या कारखान्यातली मोजमापं आपसांतसुद्धा इतकी जुळत नाहीत. टर्बाइनची कार्यक्षमता घटल्याचा जो आकडा सगळ्यांची झोप उडवत होता, तो या मोकळ्या गुणकांनी घेतलेला वाटा होता. चार गुणक जानेवारीच्या किमतींना बांधून फक्त कॉम्प्रेसरचे दोन मोकळे ठेवले, तेव्हा टर्बाइनवरचा संशय बऱ्यापैकी निवळला. जुळणी मात्र आता तेवढी सुबक राहिली नाही, आणि तेच हवं होतं. कुठे जुळत नाही ते दिसू लागलं.

मग मॉडेलला हवा कुठली सांगितली जाते ते पाहिलं. तीन गोष्टी निघाल्या.

पहिली, वातावरणाचा दाब. मॉडेलमध्ये तो १०१.३ किलोपास्कल असा कायमचा लिहिलेला होता, कारण कारखान्यात बॅरोमीटरच नव्हता. पठार समुद्रसपाटीपासून वर असल्याने दाब मुळातच सात-आठ हेक्टोपास्कल, म्हणजे पाऊण किलोपास्कल, कमी. पण ही चूक बारमाही, त्यामुळे जानेवारीच्या जुळवणीत ती गुणकांनी गिळून टाकली होती आणि कुणाला दिसत नव्हती. गिळली गेली नाही ती ऋतूची चूक. पावसाळ्यात उत्तरेत कमी दाबाचा पट्टा ठाण मांडतो आणि गोव्यातला दाबही जानेवारीपेक्षा सहा-सात हेक्टोपास्कलने उतरतो. दाब जेवढ्या टक्क्यांनी उतरला तेवढ्याच टक्क्यांनी हवा आणि वीज उतरते: पाऊण टक्क्याच्या जवळ.

आकडा मिळवायला आम्ही दाबोळी विमानतळाचे मेटार संदेश घेतले. वैमानिकांसाठी ठरावीक वेळाने निघणारा हा हवामानाचा संदेश कुणालाही पाहता येतो. त्यात तापमान, दवबिंदू आणि समुद्रसपाटीवर आणलेला दाब असतो. पठाराच्या उंचीचा हिशेब वजा केला की आपला दाब हाती येतो. पुढे कारखान्याने स्वतःचा बॅरोमीटर घेतला, पण तो येईपर्यंत दाबोळीवर काम चाललं, आणि चांगलं चाललं.

दुसरी गोष्ट फिल्टरची. फिल्टर हाउसमध्ये दाब किती पडतो ते मोजलं जात होतं, नोंदलंही जात होतं, पण मॉडेलपर्यंत पोचत नव्हतं. जानेवारीत ५० मिलिमीटर पाण्याच्या स्तंभाएवढा असलेला हा दाबपात आता ११० वर गेला होता. मे महिन्याची लाल धूळ आणि तिच्यावर पावसाचं पाणी. फिल्टरचा कागद जड होऊन बसला होता. ६० मिलिमीटर म्हणजे सुमारे ०.६ किलोपास्कल. तोंडाशीच दाब हरवला की वीज दाबाच्या प्रमाणापेक्षा जास्त घटते, कारण हवाही कमी होते आणि टर्बाइनला प्रसरणासाठी मिळणारं दाबाचं गुणोत्तरही. हिशेब ०.९ टक्क्यापर्यंत गेला. हे नुकसान खरं होतं, पण कॉम्प्रेसरचं नव्हतं.

या दोन चुका मिळून कॉम्प्रेसरची कार्यक्षमता कशी पाडतात तेही पाहण्यासारखं आहे. टर्बाइनच्या पहिल्या नोझलचा घसा चोक असतो, म्हणजे वायू तिथून ध्वनीच्या वेगाने जात असतो, त्यामुळे आत येणारी हवा कमी झाली की सीडीपी त्याच प्रमाणात उतरतो. खरं दाबगुणोत्तर जागच्या जागी असतं. पण सीडीपीला आत येणाऱ्या हवेच्या दाबाने भागताना खाली जुनाच १०१.३ घेतला तर गुणोत्तर उतरल्यासारखं दिसतं. कॉम्प्रेसरनंतरचं तापमान मात्र होतं तेवढंच. तेवढीच हवा तापवून कमी दाब मिळाला, असं मॉडेलला वाटतं आणि ते दोष कार्यक्षमतेच्या माथी मारतं.

तिसरी गोष्ट सगळ्यात मोठी निघाली. मॉडेलला जाणारं हवेचं तापमान फिल्टर हाउसच्या बाहेर, छज्जाच्या कडेला लावलेल्या प्रोबचं होतं. मशीनच्या कंट्रोलचा स्वतःचा प्रोब फिल्टरनंतर, डक्टमध्ये होता, पण त्याचा सिग्नल नोंदणीत घेतलेला नव्हता. बाहेरचा प्रोब सोयीचा म्हणून तोच वापरला गेला. आडवा पाऊस त्याच्यावर थेट येत होता. ओल्या प्रोबवरून वारा गेला की तो हवेचं खरं तापमान दाखवत नाही, ओल्या बल्बचं दाखवतो. दाबोळीचा संदेश २७ अंश आणि दवबिंदू २५ सांगत असताना आपला प्रोब साडेपंचविसाच्या आसपास. कंट्रोलचा सिग्नल बाहेर काढून शेजारी ठेवला तेव्हा फरक उघडाच पडला: पावसात दीड-दोन अंश, कोरड्या तासांत अर्ध्या अंशाच्या आत. काकांच्या उघडीपीचं उत्तर इथे होतं. हवा खरी आहे त्यापेक्षा थंड आहे असं समजून मॉडेल जास्त वीज अपेक्षित धरत होतं. हिशेब १.४ टक्के.

आता आर्द्रता. सगळ्यांचा पहिला संशय तिच्यावर होता. ‘पावसात हवा जड होते’ हे वाक्य मी त्या आठवड्यात वारंवार ऐकलं. खरं तर दमट हवा कोरड्या हवेपेक्षा हलकी असते, कारण पाण्याचा रेणुभार १८ आणि हवेचा सरासरी २९. मॉडेलने हवा कोरडी धरली होती, ही उणीव खरीच. जानेवारीत एक किलो हवेत १३ ग्रॅमच्या आसपास बाष्प असेल तर जुलैत २२ ग्रॅम. त्याने घनता अर्ध्या टक्क्याने उतरते. पण बाष्पाची उष्णताधारकता जास्त असल्याने त्यातलं काही टर्बाइनमध्ये भरून निघतं आणि विजेवरचा निव्वळ परिणाम टक्क्याचा पाचवा हिस्सा एवढाच राहतो. ज्याच्यावर सगळ्यांचा रोख होता त्याचा वाटा सर्वांत लहान.

सगळं वजा केल्यावर साडेचार टक्क्यांतले सव्वा-दीड टक्के उरले. हे खरं फाउलिंग.

त्यावर आणखी एक पडताळणी केली, आणि ती मॉडेलच्या बाहेरची असल्यामुळे माझ्या लेखी तिचं वजन जास्त. या मशीनवर हवेचा प्रवाह थेट मोजलेला नाही. पण वेस्ट हीट बॉयलरमध्ये वाफ किती निघाली, पाणी किती अंशांनी आत गेलं, वायू किती अंशांनी बाहेर पडला हे माहीत असतं. त्यावरून वायूचा प्रवाह मागे मोजत येता येतं. वाफेचा मीटर काही फार नेमका नव्हता, म्हणून जानेवारीशी तुलना तेवढी घेतली. तुलनेतली घट दुरुस्त मॉडेलच्या जवळ आली, जुन्या मॉडेलच्या आसपासही नव्हती.

निर्णय

तातडीचा शटडाउन रद्द झाला. ऑफलाइन धुलाई आणि बोअरस्कोप दोन्ही चवथीच्या सुट्टीत करायचं ठरलं. फिल्टरची मोठी खरेदी थांबवली, पण पुढचा प्री-फिल्टरचा थर लगेच बदलला. त्याला मशीन बंद करावं लागत नाही, आणि दाबपात खरोखरच वाढलेला होता. छज्जाच्या कडेचा प्रोब काढून टाकला.

बोअरस्कोप रद्द करा, असं उत्पादन विभाग म्हणत होता. इथे मी देखभाल प्रमुखांच्या बाजूने होतो. मॉडेलने टर्बाइनवरचा संशय काढला होता, पण पात्याच्या पृष्ठभागावर काय चाललं आहे ते मॉडेलला दिसत नाही. करोजनचा पहिला टप्पा विजेच्या आकड्यात उमटतच नाही. उमटतो तेव्हा उशीर झालेला असतो.

काय निष्पन्न झालं

चवथीत मशीन उघडलं. टर्बाइनची पाती स्वच्छ, करोजनची खूण नाही. कॉम्प्रेसरच्या पुढच्या ओळींवर तांबूस, किंचित चिकट थर होता. धुलाईचं पहिलं पाणी लालसर आलं आणि त्याची वाहकता चांगलीच जास्त होती, म्हणजे धुळीबरोबर मीठ पोचत होतं. सेवा कंपनीच्या प्रतिनिधीचा मुद्दा सगळाच चुकीचा नव्हता. फिल्टरमधून मीठ जात होतं, फक्त नुकसान सांगितलं गेलं तेवढं नव्हतं.

धुलाईनंतर सुमारे एक टक्का वीज परत मिळाली. दुरुस्त मॉडेलने सांगितलेल्यापेक्षा थोडी कमी. उरलेल्या फरकात काही कायमची झीज असेल, काही मोजमापाची अनिश्चितता. त्यावर जास्त किस काढण्यात अर्थ नव्हता. धुलाईनंतर लगेच, नव्या मोजमापांवर मॉडेलची नवी आधाररेषा घेतली.

वेगळं काय करता आलं असतं

बॅरोमीटर पहिल्या दिवशी लागायला हवा होता. ही काही फार पैशांची वस्तू नाही. पण मॉडेल बनवताना सगळं लक्ष मॅपवर, सॉल्व्हरवर, गुणकांवर जातं, आणि हवेच्या तीन साध्या राशी कुठून येतात हे कुणी विचारत नाही. कुठल्याही टर्बाइनच्या मॉडेलची तपासणी करायची असेल तर मी हल्ली सॉल्व्हर उघडतच नाही. आधी तापमानाचा प्रोब कुठे लावलाय ते चालत जाऊन बघतो.

जुळवणी फक्त जानेवारीच्या विदावर, म्हणजे डेटावर, झाली होती. कोरडी, ऊबदार, शांत हवा. त्या विदावरून दाबातली किंवा ओल्या प्रोबची चूक दिसणं शक्यच नव्हतं. स्वच्छ मशीनचा विदा निरनिराळ्या ऋतूंत मिळत नाही ही अडचण खरी आहे. पण मग निदान एवढं तरी लिहून ठेवता येतं की हे मॉडेल अमुक हवेत तपासलेलं आहे, त्यापलीकडे नाही.

हेल्थ इंडेक्सबद्दल माझं आणि त्या अभियंता बाईंचं अजून एकमत नाही. त्यांचं म्हणणं, ऑपरेटरला एक आकडा लागतो, सहा आलेख कुणी बघत बसत नाही. मी म्हणतो, त्या एका आकड्यानेच फिल्टर, पाऊस, प्रोब आणि पाती यांची खिचडी केली. सध्या पडद्यावर इंडेक्स आहे आणि त्याच्याखाली तीन ओळी आहेत: फिल्टरचा दाबपात, दोन तापमान प्रोबमधला फरक, आणि दुरुस्त केलेलं दाबगुणोत्तर. पहिल्या दोनांतला एक जरी हलला असला तर इंडेक्सला रंगच येत नाही, तो राखाडी राहतो. ही राखाडीची कल्पना त्यांची, आणि चांगली आहे.

मला एक आठवडा देण्याचा निर्णय बरोबर होता का? निकाल चांगला लागला म्हणून तो बरोबर, असं म्हणणं सोपं आहे. देखभाल प्रमुख आजही म्हणतात की काकांनी उघडीपीचं निरीक्षण सांगितलं नसतं तर त्यांनी मशीन बंदच केलं असतं, आणि त्यात काही गैर नव्हतं. मला ते मान्य आहे. मॉडेलवर शंका घ्यायला तेव्हा दुसरा कुठलाही पुरावा नव्हता. सहा गुणकांची गोष्ट कळत होती, पण तेवढ्यावर कारखान्याने धोका पत्करावा असं मी सांगू शकलो नसतो. काकांचं ते वाक्य कंट्रोल रूममधल्या गप्पांत निघालं, नोंदवहीत नव्हतं. आता पाळीच्या नोंदवहीत ‘आकडा वेडावाकडा वाटला’ असा एक रकाना आहे. त्यात कधी काही लिहिलं जातं, बहुतेक वेळा जात नाही.

अजून न सुटलेलं

फिल्टरचा प्रश्न उभाच आहे. पाणी अडवणारे, जलरोधी कागदाचे फिल्टर घ्यावेत यावर आता सगळे एकमत आहेत, पण ते महाग आहेत आणि त्यांचा दाबपात जास्त असतो. म्हणजे मीठ कमी येईल, पण रोजची थोडी वीज जाईल. मॉडेलवर दोन्ही बाजू चालवून पाहिल्या तर उत्तर धुलाई वर्षातून किती वेळा करणार यावर फिरतं, आणि तो आकडा तांत्रिक नाही. उत्पादन विभाग किती वेळा मशीन सोडायला तयार होतो यावर तो ठरतो.

देखभाल प्रमुखांनी सुचवलं की पुढच्या पावसाळ्यात अर्ध्या फिल्टर हाउसवर नवे आणि अर्ध्यावर जुने लावून तुलना करू. त्यात एक पेच आहे. दोन्ही अर्धे समांतर असल्याने दोन्हींवरचा दाबपात एकच राहणार, हवा मात्र मोकळ्या बाजूने जास्त जाणार. म्हणजे दाबपाताच्या मीटरवरून तुलना होणार नाही, आणि कॉम्प्रेसरला तर दोन्हींची मिसळलेलीच हवा मिळणार. म्हणून फिल्टरपलीकडच्या तळाला मध्ये पट्टी घालून दोन बाजूंचं निथळलेलं पाणी वेगवेगळं गोळा करायचं आणि त्याची वाहकता मोजायची असं ठरलं आहे. पट्टीचं काम मे महिन्यात, पावसाच्या आधी.